शिफूंचा मंगळवारचा तास बंद करू नका : शाळेच्या मॅनेजमेंटला आणि आपल्या मराठी पालकांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र इथल्या, चीनमधल्या सुझोउ शहरातल्या आपल्या शाळेच्या मॅनेजमेंटसाठी आहे आणि तेवढंच पालक कमिटीतल्या आपल्या मराठी मंडळींसाठीही आहे. मराठीत लिहितेय, कारण तास बंद करा म्हणणाऱ्या ज्या अर्जामुळे हा निर्णय झाला त्यावरच्या बऱ्याच सह्या आपल्याच घरांतल्या आहेत. ज्यांच्याकडे आम्ही गणपतीला आरतीला जातो, ज्यांची मुलं माझ्या घरी पोळी-भाजी खाऊन झोपतात, त्यांच्याशी मला इंग्लिशमध्ये भांडायचं नाहीये. इंग्लिश आणि चिनी कॉपी ऑफिसात दिलीय. शाळेचं नाव लिहीत नाही, कुणाची बदनामी करायची नाहीये, पण हे सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं, म्हणून ग्रुपमध्ये न टाकता उघड लिहितेय.

झालंय असं. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी वीचॅटवर चार ओळींचा मेसेज आला, की तिसरी ते पाचवीचा मंगळवारचा 'पारंपरिक चिनी वास्तुकला' हा तास पुढच्या महिन्यापासून बंद, त्या जागी मॅथ्सची ज्यादा प्रॅक्टिस, आणि वर्षातून एकदा 'चायना वीक' घेऊ, त्यात प्रत्येक मुलाला पॅगोड्याचं किट देऊ. बस. जे शिफू (इकडे उस्ताद कारागिराला असंच म्हणतात) दोन वर्षं दर मंगळवारी ई-बाइकवर लाकडाची पेटी बांधून यायचे, पावसात पेटीवर स्वतःचा रेनकोट टाकून यायचे, त्यांचा त्या मेसेजमध्ये साधा उल्लेख नव्हता. मुलांना तर अजून कुणी सांगितलेलंच नाही.

अर्ज फिरत होता तेव्हा मी सही केली नाही, पण बोललेही नाही. वाटलं एवढ्यावरून कोण तास बंद करणार. ते चुकलंच माझं, म्हणून आता बोलतेय.

आधी हा तास म्हणजे काय हे सांगते, कारण सह्या केलेल्या बऱ्याच जणांनी तो एकदाही पाहिलेला नाही. पालकांसाठी ओपन क्लास ठेवला होता तेव्हा आम्ही चौघीच होतो. लोकांचा समज असा की मुलं कागदाची मंदिरं करतात, लाल-सोनेरी रंग देतात. तसं नव्हतं. पहिले दोन महिने फक्त जोड. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारी जीभ, खिळा नाही, फेविकॉल नाही. सुन-माओ म्हणतात याला. आपल्या शेजारच्या चच्यांग प्रांतात हमुदू म्हणून जागा आहे, तिथे उत्खननात असे जोड असलेली लाकडं मिळालीत, सुमारे ७००० वर्षांपूर्वीची. मुलांना ते लू बान कुलूप दिलं होतं, लाकडाचे सहा तुकडे एकमेकांत अडकवायचे ते कोडं. माझी मुलगी ते रोज रात्री सोडवायची, आणि मला म्हणायची, आई जोडणं सोपंय, पण न तोडता सोडवता आलं पाहिजे, शिफू म्हणतात सोडवता आलं तरच दुरुस्त करता येतं.

मग दौगोंग. खांबाच्या डोक्यावर, छपराच्या खाली जी लाकडांची उतरंड दिसते ना, ज्याच्यापुढे आपण सगळे फोटो काढतो, ती. त्यातला 'दौ' म्हणजे धान्य मोजायचं माप, आपलं मापटं, आणि तो ठोकळा दिसतोही मापट्यासारखाच, खाली निमुळता. 'गोंग' म्हणजे त्यावरचा धनुष्यासारखा वाकलेला हात. मापटं, त्यावर हात, हाताच्या टोकांना परत मापटी, त्यावर आणखी लांब हात, असं करत करत वळचणीचं सगळं वजन आत ओढून खांबावर आणून सोडायचं. माझ्या मुलीच्या वर्गाने हे बीच लाकडाच्या तुकड्यांनी स्वतः रचलं आणि वर दप्तरं ठेवून बघितली किती पेलतंय. तिसरीतल्या मुलांनी! नक्षी वाटणारी गोष्ट खरं तर ओझं वाहते हे त्यांना हाताने कळलं, मला चाळिशीत कळलं.

आता सर्वात मोठा आक्षेप. 'आपण दोन-तीन वर्षांत परत जाणार, आपल्या मुलांना चिनी इमारतींचा काय उपयोग?' हे मी लिफ्टमध्ये ऐकलंय, पार्किंगमध्ये ऐकलंय, आणि अर्जातही तेच लिहिलंय. याचं उत्तर देण्यासाठी मला माझ्या गावची गोष्ट सांगावी लागेल, लांबेल जरा, पण वाचा.

मी लातूर जिल्ह्यातली, औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, गाव दमून झोपलं होतं. आमच्याकडची घरं तुम्हाला माहीत असतील, दोन-अडीच हात रुंद दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडाच्या पाटईवर मातीचा जाड थर. हजारो माणसं गेली त्या रात्री, बहुतेक सगळी आपल्याच घराच्या दगडाखाली. आमच्या आजोबांच्या घराच्या मागच्या आणि रस्त्याकडच्या दोन्ही भिंती पडल्या. पण मधले खण उभे राहिले. खांब, तुळया, वर माळवद, सगळं वाकडं होऊन पण उभं, आणि त्या खणाखाली माझी आजी आणि धाकटी आत्या जिवंत. आमच्याच गल्लीत ज्यांच्या तुळया थेट भिंतीवर टेकवलेल्या होत्या, मधे खांबच नव्हते, त्यांचं काहीच उरलं नाही. लाकडी सांगाडा असलेलं प्रत्येक घर वाचलं असं मी म्हणत नाहीये, वर मातीचं एवढं वजन आणि बाजूला एवढे दगड असले की सांगाडा तरी किती करणार. पण आमचं घर ज्याने उभं केलं त्या सुताराला काहीतरी माहीत होतं.

आणि ते काय हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही. नंतर पुनर्वसनाच्या नवीन वसाहती आल्या, लोकांना दगड आणि माळवद बघूनच धडकी भरायची, ते साहजिकच होतं, जुने खांब जळणात गेले किंवा विकले गेले. शाळेत भूकंपाचा धडा होता, त्यात भूकवचाची चित्रं होती, पण 'तुमच्या आजोबांच्या घराचे खांब का पडले नाहीत' हे एकाही मास्तरांनी फळ्यावर काढलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला तो एकच प्रश्न पडला होता.

ओपन क्लासच्या दिवशी शिफूंनी टेबलावर छोटा सांगाडा ठेवला, चारी बाजूंनी पुठ्ठ्याच्या भिंती लावल्या, मुलांना म्हणाले हलवा टेबल. मुलांनी गदागदा हलवलं. भिंती पडल्या, सांगाडा कुरकुरला, थोडा सरकला, उभा राहिला. मग त्यांनी इकडची एक जुनी म्हण फळ्यावर लिहिली आणि चायनीजच्या मॅडमनी मुलांना अर्थ सांगितला: भिंत पडते, घर पडत नाही. मी मागच्या बाकावर बसून रडले. बत्तीस वर्षांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या मुलीच्या चौथीच्या वर्गात मिळालं, तेही एका चिनी सुताराकडून.

भिंत वजन घेतच नाही, ती फक्त आडोसा. वजन खांबांवर. खांबही जमिनीत पुरलेले नाहीत, दगडी तळखड्यावर नुसते उभे, आपल्या वाड्यांसारखेच, म्हणून धक्का बसला की मुळातून मोडत नाहीत, थोडे सरकतात. आणि खिळा नसल्यामुळे प्रत्येक जोड किंचित हलतो, घासतो, धक्क्याचा जोर तिथे जिरतो. ही नुसती सांगीवांगी नाही. त्यांजिनजवळ दूलं मंदिरात ग्वानयिनचा लाकडी मंडप आहे, ९८४ सालचा, १९७६ चा थांगशानचा भूकंप त्याने झेलला. शान्शी प्रांतात यिंगश्यानचा लाकडी पॅगोडा आहे, १०५६ सालचा, सुमारे ६७ मीटर उंच, त्यात ५४ प्रकारचे दौगोंग मोजलेत, इतक्या शतकांत किती हादरे खाल्ले असतील, अजून उभा आहे. थोडा कललाय, पण उभा आहे.

तर उपयोग काय, हे उत्तर माझ्यापुरतं. आपण जिथे परत जाणार आहोत तिथेही घरं आहेत, भूकंपही आहेत. घर कशावर उभं असतं हे मुलाला कळणं याला देश नसतो, आणि ते शिकायला सुझोउइतकी चांगली जागा दुसरी कुठली मिळणार आहे ते मला कुणीतरी सांगावं.

दुसरा आक्षेप, मॅथ्स मागे पडतंय. मी आकडे नाही देणार, माझ्या मुलीची वही दाखवायला तयार आहे. सोंग राजवटीत ११०३ साली ली जिए नावाच्या अधिकाऱ्याने सरकारी बांधकामाचं एक पुस्तक काढलं, यिंगत्साओ फाशी. (आणि हे मला फार आवडतं, की ते पुस्तक ११४५ साली परत छापलं गेलं ते याच गावात, आपल्या सुझोउत.) त्यात लाकडाचं एक मूळ माप ठरवलंय, उंचीचे १५ भाग, रुंदीचे १०. इमारत मोठी असेल तर मोठं माप, लहान असेल तर लहान, असे आठ दर्जे, पण प्रमाण तेच, तीनास दोन, आणि बाकी प्रत्येक तुकडा त्याच भागांत मोजायचा. मुलांनी १५ मिलिमीटर बाय १० मिलिमीटरची पट्टी दोन खुर्च्यांवर आधी आडवी ठेवली, मधे दप्तर लटकवलं, वाकली. मग तीच पट्टी उभी, म्हणजे अरुंद कडेवर ठेवली, तेच दप्तर, कमी वाकली. गुणोत्तर म्हणजे काय हे त्यांना परत शिकवावं लागणार नाही.

आणि छपराचा बाक! चिनी छप्पर सरळ उतरत नाही, मधे खोलगट होत खाली येतं, रोज बघतो आपण, पण तो बाक काढतात कसा हा विचार मी कधी केला नव्हता. त्याच पुस्तकात रीत दिलीय. आढ्यापासून वळचणीपर्यंत सरळ सूत धरायचं. आढ्याखालचं पहिलं आडवं लाकूड त्या सुताच्या खाली उतरवायचं, छपराच्या उंचीच्या एक दशांश. आता त्या नव्या बिंदूपासून वळचणीपर्यंत परत सूत, पुढचं लाकूड एक विसांश खाली. मग एक चाळिसांश. म्हणजे छप्पर ४० सेंटिमीटर उंच धरलं तर आधी ४, मग २, मग १. मुलांनी हे भिंतीवर मोठा कागद चिकटवून, टाचण्या टोचून, लोकरीच्या धाग्याने केलं, आणि शेवटच्या टाचणीनंतर धागा जोडला तेव्हा सरळ रेघांतून तो बाक आपोआप उमटला. ज्या मुलाच्या आई मला म्हणाल्या होत्या की त्याला अपूर्णांक म्हटलं की पोटात दुखतं, तो मुलगा घरी जाऊन बाबांच्या उंचीच्या एक विसांश किती ते काढत बसला होता. त्याच्या आईचीही सही आहे अर्जावर. ताई, तुम्ही मला हे स्वतः सांगितलंत, आठवा जरा.

तिसरं, मॅनेजमेंटकडून आलेलं कारण: शिफूंकडे शिकवायची डिग्री नाही. मान्य, नाही. ते तायहू सरोवराकाठच्या श्यांगशान भागातले, सुताराच्या घरातले, चौदाव्या वर्षापासून हातात पटाशी. पण याच श्यांगशानच्या सुतारघराण्यातला ख्वाय श्यांग १५व्या शतकात बीजिंगच्या राजवाड्यांच्या कामावर होता आणि शेवटी सरकारच्या बांधकाम खात्यात उपमंत्रिपदापर्यंत गेला. आणि अगदी आपल्या मुद्द्याला धरून म्हणजे याव छंग्झू. तोही श्यांगशानचा कारागीर. १९२० च्या दशकात सुझोउच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वास्तुकलेचा विभाग निघाला तेव्हा त्याला बोलावून शिकवायला उभं केलं. घराण्यात गुप्त ठेवलेलं ज्ञान त्याने वर्गासाठी टिपणांत उतरवलं, त्याचंच पुढे पुस्तक झालं, १९५९ मध्ये छापलं, आणि यांगत्से नदीच्या दक्षिणेकडची जुनी इमारत समजून घ्यायची तर आजही ते उघडावं लागतं. शंभर वर्षांपूर्वी या गावाने कारागिराला फळ्यापाशी उभं केलं, आपण त्याला गेटवरून परत पाठवतोय. डिग्रीचा नियम असेल तर सोबत आपल्या मॅथ्सच्या किंवा सायन्सच्या मॅडम बसू देत, नाही कोण म्हणतंय.

सेफ्टीबद्दल थोडक्यात. पटाशी फक्त शिफू वापरायचे. मुलांकडे सँडपेपर, लाकडी हातोडी, छोटी करवत आणि ती पण क्लॅम्प लावून. दोन वर्षांत एका मुलीच्या बोटात कुसळ गेलं, ती माझीच.

आता त्या किटबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त त्रास त्याचा झालाय. मी ते मागवून बघितलं. लेझरने कापलेलं एमडीएफ, तुकड्यांना नंबर, सोबत गोंदाची ट्यूब. १ वर २ चिकटवा, २ वर ३ चिकटवा. दौगोंगची पट्टी छापील, ती बाहेरून चिकटवायची, म्हणजे ती काहीच पेलत नाही. काढून टाकली तरी छप्पर पडत नाही. आणि एकदा चिकटलं की सुटत नाही. दोन वर्षांत मुलं जे शिकली त्याच्या प्रत्येक गोष्टीच्या बरोबर उलटं त्या डब्यात आहे. चाळीस मिनिटांत पॅगोडा तयार होतो, शोकेसमध्ये छान दिसतो, फोटो येतो, पण मुलाच्या डोक्यात काय जातं तर चिनी कला म्हणजे लाल रंगाचं काहीतरी टोकदार छप्पर. मग आपल्याला बाहेरचे लोक विचारतात भारत म्हणजे हत्ती आणि साप ना, तेव्हा आपल्याला राग का येतो?

आणि बाहेर बघा काय चाललंय. २०२१ च्या जुलैमध्ये इथल्या सरकारने होमवर्क आणि ट्यूशनचा भार कमी करायचं धोरण आणलं, २०२२ पासून सरकारी शाळांत श्रमशिक्षण वेगळा विषय झाला, आठवड्याला किमान एक तास, त्यात पारंपरिक हस्तकलाही आहे. २००९ मध्ये युनेस्कोने चिनी लाकडी सांगाड्याच्या बांधकामाचं कौशल्य आपल्या वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या सोसायटीच्या मागच्या चिनी शाळेतली मुलं जे शिकतात ते आपल्या मुलांना मिळत होतं, आपण सह्या करून ते थांबवलं.

तर माझ्या मागण्या. मंगळवारचा तास तिसरी ते पाचवीला होता तसा, आठवड्याला एक, पुढच्या महिन्यात न थांबता चालू ठेवा. शिफूच शिकवतील, सोबत एक शिक्षिका वर्गात असेल, आणि भाषांतराला चायनीजच्या मॅडम आत्तापर्यंत बसायच्या तशाच बसतील. मॅथ्सची ज्यादा प्रॅक्टिस हवीच असेल तर वेगळी वेळ काढा, महिन्यातून एक मंगळवार मॅथ्सच्या मॅडमनी शिफूंबरोबर मिळून घ्यावा, गुणोत्तर आणि अपूर्णांकाचा धडा तिथेच होईल, त्या तयार आहेत, मी विचारलंय. किटचा पैसा लाकडावर खर्च करा. वर्षातून निदान एकदा मुलांना खऱ्या वास्तूत न्या, फार लांब नाही, ग्वानछ्येन स्ट्रीटवर जिथे आपण शॉपिंगला जातो तिथेच श्वानम्याव मंदिरात ११७९ सालचा सानछिंग हॉल आहे, किती जणांनी आत जाऊन वर मान करून पाहिलंय? आणि इथून पुढे कुठलाही तास बंद करायचा असेल तर आधी सगळ्या पालकांना विचारा, ज्यांचा तास आहे त्या मुलांनाही विचारा. शुक्रवारी संध्याकाळी मेसेज नको.

सह्या केलेल्या मंडळींना एकच विनंती. आत्ताच सही मागे घ्या असं म्हणत नाही. येत्या मंगळवारी, तास अजून चालू आहे, दुपारी दोनला खालच्या मजल्यावरच्या आर्ट रूममध्ये या, मागच्या बाकावर चाळीस मिनिटं बसा. त्यानंतरही मत तेच राहिलं तर मी ते मान्य करेन, पण न बघता केलेली सही मला मान्य नाही.

शिफूंना मॅनेजमेंटने स्वतः जाऊन भेटावं. त्यांना अजून कुणी काही कळवलेलं नाही, ते या मंगळवारीही पेटी घेऊन येणार आहेत.

आणि चौथीच्या मुलांनी अर्धवट केलेला मंडप स्टोअररूममध्ये दाराच्या मागे ठेवलाय. चार खांब, तुळया आणि एका बाजूचे दौगोंग लागलेत, छप्पर राहिलंय. काल बघितलं तर त्यावर कुणीतरी खुर्च्या ठेवल्या होत्या. मी त्या उतरवून ठेवल्यात. कृपा करून परत ठेवू नका, मुलांना तो पूर्ण करायचाय.

आपली,
चौथीतल्या एका मुलीची आई
सुझोउ